मिठाच्या जागी मासा

थायलंडमधल्या साध्याशा नूडलच्या दुकानात बसलं की टेबलावर चार बरण्यांचं छोटं तबक दिसतं. एका बरणीत साखर, दुसरीत सुक्या मिरचीची भरड, तिसरीत व्हिनेगरात बुडवलेल्या मिरचीच्या चकत्या आणि चौथीत कोऱ्या चहाच्या रंगाचं पातळ पाणी. गोड, तिखट, आंबट, खारट. ज्याला जे कमी वाटेल ते त्याने आपल्या हाताने घालून घ्यायचं. आपण पान वाढायला घेतलं की सगळ्यांत आधी जे वाढतो, ते मात्र या तबकात नसतं. मीठ नसतं. खारटपणा हवा असेल तर ती चौथी बरणी उचलायची. तिच्यातल्या पाण्याचं नाव नाम प्ला. नाम म्हणजे पाणी आणि प्ला म्हणजे मासा.

पथ्य सांभाळून पहिल्यांदा थायलंडला निघालेल्या माणसाला एकच गोष्ट सांगायला वेळ असेल, तर मी हीच सांगेन. तिथे मीठ म्हणजे मासा. वाडग्यात मांसाचा तुकडा दिसत नाही, म्हणजे पदार्थ शाकाहारी, हा आपला हिशोब तिथे पहिल्याच घासाला चुकतो. आपण वर काय तरंगतंय ते पाहत बसतो आणि गोष्ट तळाशी विरघळलेली असते. म्हणून ‘यात काय काय आहे?’ असं विचारण्याऐवजी ‘याला खारटपणा कशाचा?’ असं विचारायला शिकावं लागतं. तो प्रश्न विचारता यावा, त्याचं उत्तर समजावं आणि नको ते नको म्हणता यावं, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.

पथ्य हा शब्द मी मुद्दाम निवडला आहे, कारण मराठीत त्याचं घर मोठं आहे. डॉक्टरांनी साखर बंद केली तेही पथ्य आणि आजीने चातुर्मासात कांदा-लसूण सोडला तेही पथ्यच. जन्मापासून मांसाहार न केलेला माणूस, जमिनीखाली उगवणारं काही न खाणारं जैन कुटुंब, शेंगदाण्याचा कण जिभेला लागताच ओठ सुजणारी मुलगी, गहू न सोसणारा तरुण, डुकराचं मांस वर्ज्य असलेले गृहस्थ आणि नेमक्या संकष्टीला बँकॉकच्या विमानतळावर उतरलेल्या काकू, हे सगळे या पुस्तकाचे वाचक आहेत. यातल्या एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय असते, कधी चक्क धोका असतो. त्यामुळे ‘थायलंडमध्ये शाकाहारी मिळतं का हो?’ या नेहमीच्या प्रश्नाला इथे एका शब्दाचं उत्तर सापडणार नाही.

आधी तळाशी काय असतं ते पाहू.

नाम प्ला करायची रीत सोपी आहे. आपल्या मांदेलीच्या कुळातले लहान समुद्री मासे भरपूर मीठ लावून रांजणांत किंवा टाक्यांत दडपून ठेवायचे. वर्ष-दीड वर्षात मासे विरघळत जातात आणि गाळून जे पाणी निघतं ते नाम प्ला. बाटली नाकाशी नेली तर वास उग्र येतो, पण तापलेल्या कढईत चमचाभर पडलं की वास उडून जातो आणि चव मागे राहते. म्हणूनच खाणाऱ्याला मासा जाणवत नाही. परतलेल्या भाजीत, भातात, रश्शात, कोशिंबिरीत, ऑम्लेटमध्येसुद्धा ते असतं, आणि थाई स्वयंपाकिणीला ते ‘घातलं’ असं वाटतही नाही. भाजीत मीठ घातलंय हे आपण कुठे कुणाला सांगतो?

तळातला दुसरा गडी म्हणजे कपि. शब्द ऐकून आपल्याला मारुती आठवेल, पण कोकणातल्या माणसाला हा कपि एका वाक्यात कळतो. जवळा मीठ लावून वाळवायचा, कुटायचा, आंबवायचा आणि त्याचा जांभळट तपकिरी गोळा करायचा, की झाला कपि. हिरवी किंवा लाल करी ज्या वाटणातून निघते, त्यात मिरची, गवती चहा, कुलंजन, लसूण आणि छोट्या कांद्यांबरोबर कपि कुटलेला असतो. ‘व्हेज ग्रीन करी’ अशा पाटीखाली मिळणाऱ्या वाडग्यात वांगी आणि बांबूचे कोंब दिसत असले, तरी जवळा आधीच आत जाऊन बसलेला असू शकतो. वाटण सकाळी झालेलं असतं. तुम्ही दुपारी दोन वाजता जाऊन ‘तेवढा काढा’ म्हणालात, तर त्या बाईने तो काढायचा कुठून? कोळंबीची ऍलर्जी असणाऱ्यांनी तर ‘कोळंबी नको’ म्हणून थांबू नये. कपिचं नाव वेगळं घ्यावं.

बाकीचे गडी थोडक्यात. परतलेल्या हिरव्या भाजीवर जी चकाकी दिसते ती बहुधा कालवांच्या सॉसची, म्हणजे नाम मन होइची. ईशान्येकडच्या ईसान प्रांतात प्ला रा चालतं. गोड्या पाण्यातले मासे मीठ आणि तांदळाच्या कोंड्यात मुरवून केलेलं ते दाट, गढूळ प्रकरण आहे. तोम यामच्या आंबट-तिखट रश्शात जी लालसर तेलकट चटणी पडते, तिच्यात सुकी कोळंबी कुटलेली असते. नूडलच्या दुकानातल्या मोठ्या पातेल्यात डुकराची किंवा कोंबडीची हाडं उकळत असतात. आणि जुन्या धाटणीच्या दुकानांत कढईतलं तेल हे तेल नसून नाम मन मू, म्हणजे डुकराची चरबी असू शकते.

बुद्धाचा देश म्हणजे शाकाहारी असणारच, अशी समजूत घेऊन येणारे भारतीय कमी नाहीत. थेरवाद परंपरेतले भिक्षू सकाळी भिक्षेला निघतात. त्या फेरीला थाईत बिन्थबात म्हणतात, म्हणजे आपला पिंडपात. पात्रात पडेल ते घ्यायचं. प्राणी खास आपल्यासाठी मारलेला पाहिला, ऐकला किंवा तशी शंका आली, तरच ते मांस नाकारायचं, असा विनयाचा नियम आहे. भिक्षूंना मांस-मासे वर्ज्य करावेत ही देवदत्ताची मागणी बुद्धाने मान्य केली नव्हती, असं पाली विनयपिटक सांगतं. त्यामुळे बौद्ध आहे म्हणून शाकाहारी असण्याची सक्ती तिथे कुणावर नाही. कडक शाकाहारी लोक आहेत. संती असोक या पंथाची माणसं तशी आहेत, आणि त्या पंथाशी जवळीक असलेले चामलोंग सीमुआंग १९८५ ते १९९२ या काळात बँकॉकचे गव्हर्नर होते. पण हा एक प्रवाह झाला, सगळा देश नव्हे.

मग पथ्यवाल्याने धरायचं काय? दोन शब्द.

पहिला शब्द मंगसविरत. मोठ्याने म्हणून पाहा, आत आपली मांसविरती दिसेल. पालीतून गेलेला हा शब्द आहे. मांस नाही, पण अंडी आणि दूध चालतं, असा त्याचा रूढ अर्थ. सुशिक्षित शहरी माणसाला तो लगेच कळतो. गाड्यावर मात्र त्याचा अर्थ ‘मांसाचे तुकडे नकोत’ एवढाच घेतला जाण्याची शक्यता असते, आणि नाम प्ला आपल्या जागी राहतं.

दुसरा शब्द एका अक्षराचा आहे आणि तोच जास्त कामाचा. इंग्रजीत तो जे किंवा जेय असा उच्चार होईल असा लिहितात, पण थाई उच्चार आपल्या ‘चेंडू’मधल्या ‘चे’च्या जवळचा आहे. चे हा चिनी बौद्ध परंपरेतून आलेला आहारनियम आहे. मांस, मासे, अंडी, दूध काही नाही. म्हणजे नाम प्ला नाही, कपि नाही, कालवांचं सॉसही नाही. शिवाय लसूण, कांदा आणि त्यांच्या जातीची उग्र पानं-कंद नाहीत, आणि यादीच्या शेवटी तंबाखूही नाही. पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांत हा शब्द लिहिलेला असतो. लिपी न येणाऱ्याला तो इंग्रजी वळणाच्या सतरा आकड्यासारखा दिसतो. तो आकडा ओळखता आला की निम्मी लढाई जिंकली. गाड्यावरच्या झेंडीवर, बाजारातल्या दुकानावर, कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातल्या पाकिटांवर, सगळीकडे तो शोधायचा.

चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस अख्ख्या देशात चे पाळणाऱ्यांची गर्दी होते. फुकेतमध्ये या उत्सवाची सुरुवात १८२५ मध्ये झाली असं सांगतात. कथील काढायला आलेल्या चिनी मजुरांच्या कातू गावात एक चिनी नाटक मंडळी आली, आजारी पडली आणि हे व्रत पाळून बरी झाली, अशी ती कथा आहे. मराठी वाचकाला यात एक गंमत सापडेल. नववा महिना अमावास्येनंतर सुरू होतो, आपला आश्विनही तसाच. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी तिन्ही वर्षं त्यांचे नऊ दिवस आणि आपलं नवरात्र एकाच दिवशी बसलं. २०२५ मध्ये चिनी पंचांगात अधिक महिना आला आणि चे सरकून थेट आपल्या दिवाळीत गेलं. नेम धरणारे बरेच जण आदल्या दिवसापासूनच चे खायला लागतात, त्याला ते पोट धुणं म्हणतात. कांदे नवमीला कांद्याची भजी हादडून चातुर्मासाला सामोरं जाणाऱ्या आपल्याला हा उलटा प्रकार पाहून थोडी लाज वाटायला हरकत नाही. पण कांदा-लसूण सोडणं म्हणजे काय, हे ज्याला चार शब्दांत समजवावं लागत नाही असा दुसरा समाज सापडला, याचं समाधानही वाटतं. शाकाहारी माणसाला तारखा निवडायची मोकळीक असेल, तर थायलंड पाहायला या नऊ दिवसांसारखे दिवस नाहीत. बँकॉकच्या यावरात या चिनी वस्तीत तेव्हा रस्ताच्या रस्ता पिवळा होतो.

मात्र चे म्हणजे सगळ्यांचं रामबाण औषध नव्हे. चेच्या दुकानात ‘बदक’, ‘डुक्कर’, ‘मासा’ या नावांनी जे मिळतं, ते पुष्कळदा गव्हाच्या चिकापासून आणि सोयाबीनपासून बनलेलं असतं. ज्याला गहू वर्ज्य आहे त्याच्यासाठी शाकाहाऱ्याचं हे नंदनवन म्हणजे सापळाच. शेंगदाणा, तीळ, सोया यांना तर चेमध्ये पूर्ण मुभा आहे, किंबहुना मांसाची उणीव तेच भरून काढतात. आणि जैन वाचकांनी लक्षात ठेवावं की चेमध्ये लसूण नसला तरी बटाटा, गाजर, मुळा, आलं, कुलंजन असतं. कोथिंबिरीची मुळं कुटून घालणं हा तर थाई स्वयंपाकाचा पायाच आहे. त्यांच्यासाठी पुढे वेगळं प्रकरण आहे. त्यात बँकॉकच्या फाहुरात आणि सीलोम भागांतल्या भारतीय वस्तीचा, तिथल्या मिठाईच्या आणि जेवणाच्या ठिकाणांचा विचार केला आहे.

गव्हाबद्दल आणखी एक. तांदळाच्या नूडल तिथे जागोजागी मिळतात. आपण ज्याला पॅड थाय म्हणतो, तो फिबुन सोंगख्राम यांच्या राजवटीत लोकप्रिय झालेला पदार्थही तांदळाच्याच नूडलचा. त्यामुळे गहू न खाणाऱ्याला हायसं वाटतं. पण सोया सॉसमध्ये गहू असतो, कालवांच्या सॉसमध्येही असू शकतो, आणि पिवळ्या बामी नूडल गव्हाच्या आणि अंड्याच्या असतात. उलट ज्या चिकट भाताच्या ‘ग्लुटिनस राइस’ या इंग्रजी नावामुळे लोक दचकतात, त्यात गव्हातलं ग्लुटेन मुळीच नसतं. शब्दांचा खेळ इथेच संपत नाही. गव्हाला थाई शब्द आहे खाव साली. संस्कृतात शालि म्हणजे भात, मराठीत साळ म्हणजे भात, पण तोच शब्द तिथे जाऊन गहू झाला. साळ ऐकून निर्धास्त होऊ नका.

आता जागेविषयी. कुठे खायचं, याला थायलंडमध्ये काय खायचं याच्याइतकंच महत्त्व आहे. ज्या दुकानात दर्शनी भागात दहा-बारा तबकं मांडलेली असतात आणि भातावर हवं ते वाढून देतात, तिथे सगळं सकाळीच शिजलेलं असतं. तिथे बदल मागण्यात अर्थ नाही. त्याऐवजी ‘आहान ताम संग’ची पाटी शोधायची. आहान म्हणजे आपला आहारच, आणि ताम संग म्हणजे सांगाल तसा. एक कढई, एक शेगडी, बाजूला चिरलेल्या भाज्यांचे डबे आणि सॉसच्या बाटल्या. तुम्ही सांगता आणि दोन मिनिटांत ते तुमच्या डोळ्यांदेखत होतं. कोणती बाटली उचलली ते दिसतं, आणि ती तिरपी होण्याआधी हात वर करता येतो. पथ्याच्या माणसाला यापेक्षा चांगलं स्वयंपाकघर कुठे मिळायचं!

हात वर केल्यावर बोलायचं काय? इथे मराठी माणसाला एक जन्मजात फायदा आहे आणि तो त्याला माहीत नसतो. थाई भाषेत कोंबडीला कै म्हणतात आणि अंड्याला खै. दोन्हींचा सूर एकच, फरक फक्त क आणि ख चा. इंग्रजी बोलणारा प्रवासी या जोडीपुढे हात टेकतो. त्याला अंडं हवं असतं आणि पुढ्यात कोंबडी येते. आपण पाटीवर क-ख गिरवतच मोठे झालो. प आणि फ, त आणि थ, च आणि छ हे भेद तिथे आहेत आणि आपल्या जिभेवरही आहेत. मासा प्ला आहे, तिखट फेत आहे, शेंगदाणा थुआ लिसोंग आहे. थाईचे पाच सूर आपल्याला लगेच जमणार नाहीत, पण व्यंजनं तरी आपण बरोबर घेऊन जातो. म्हणूनच या पुस्तकातले सगळे थाई शब्द रोमन लिपीवरून न घेता उच्चारावरून देवनागरीत लिहिले आहेत. ते नेहमीच्या मराठी सवयीने वाचावेत.

तीन वाक्यं पाठ असली तरी खूप झालं. ‘किन चे’, म्हणजे मी चे खाते. ‘मै सै नाम प्ला’, म्हणजे नाम प्ला घालू नका. आणि सगळ्यांत मोलाचं, ‘सै क्लुआ थॅन’, त्याऐवजी मीठ घाला. नुसतं नको म्हणून थांबलात, तर स्वयंपाकिणीपुढे अळणी पदार्थाचा पेच पडतो आणि ती दुसरी एखादी बाटली उचलते. ऍलर्जी असेल तर शब्द वेगळा आहे. ‘फॅ थुआ लिसोंग’, मला शेंगदाण्याची ऍलर्जी आहे. फॅ या शब्दाचा दुसरा अर्थ हरणं. शेंगदाण्यापुढे मी हरते, अशी ती कबुली आहे, आणि ती ऐकल्यावर समोरचा माणूस ते आवडीनिवडीचं प्रकरण समजत नाही. प्रत्येक वाक्याच्या शेवटी बाईने ‘खा’ आणि पुरुषाने ‘ख्रप्’ जोडायचं. सुरुवातीला हाक मारायची. वयस्कर बाईला ‘पा’, म्हणजे मावशी-आत्यासारखं, आणि आपल्याहून थोड्या मोठ्या कुणालाही ‘फी’, म्हणजे ताई किंवा दादा. भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्या आपल्याला हे वेगळं शिकायला नको.

एका थाई शब्दाची मात्र ओळख हवी. क्रेंग चै. समोरच्याला अडचण होऊ नये, त्याचं मन मोडू नये म्हणून केलेला संकोच. आपल्या भाषेत भीड. ही भीड दोन्ही बाजूंनी काम करते. ‘यात मासा नाही ना?’ असं विचारलंत, तर समोरून हसून ‘नाही’ येण्याची शक्यता असते, कारण तुमच्या प्रश्नातच हवं ते उत्तर आहे. आणि आपणही ‘जाऊ दे, कशाला त्रास द्या’ म्हणून पुढे आलेलं खातो. पथ्यात भीड उपयोगाची नाही. होकार-नकार मागू नका, ‘यात काय घालता?’ असं विचारा आणि उत्तर ऐका.

ज्यांची ऍलर्जी जिवावर बेतू शकते त्यांच्याशी मला थोडं कठोरपणे बोलायचं आहे. सोम तामच्या, म्हणजे पपईच्या कोशिंबिरीच्या गाड्यावर एकच उखळ असतं. तुमच्या आधीच्या प्लेटमध्ये शेंगदाणे कुटले गेले, त्याच उखळात तुमची पपई पडते. एकाच कढईत कोळंबी आणि मग भाजी परतली जाते. ‘मै सै’ म्हटल्याने घालायचं थांबतं, आधी लागलेलं पुसलं जात नाही. अशा माणसाने गाड्याचा मोह सोडावा. आपली अडचण थाई लिपीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवावं आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध हॉटेलच्या खोलीत न ठेवता खिशात बाळगावं. हे पुस्तक सोबत असेल, पण ते औषधाची जागा घेणार नाही.

साखरेचं पथ्य असणाऱ्यांना सुरुवातीची चार बरण्यांची गोष्ट आठवावी लागेल. नूडलच्या रश्शात लोक साखर घालून घेतात. कोशिंबिरीत ताडगूळ असतो, करीत असतो, पॅड थायमध्ये असतो. नारिंगी रंगाच्या गार चहात साखर असते आणि वरून गोड आटवलेलं दूध ओतलेलं असतं. सरकारने २०१७ पासून गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला आहे, पण गाड्यावरचा पेला त्या गणितात येत नाही. ‘मै वान’, गोड नको, हे दोन शब्द तिथे आपणच म्हणायचे असतात.

गोडाचे पदार्थ हे एक वेगळंच राज्य आहे आणि तिथे दिसतं तसं नसतं. सोनेरी धाग्यांची एक गुंडी दिसेल, अगदी केशरी सुतरफेणी वाटेल. ती फोइ थोंग. साखरेच्या उकळत्या पाकात अंड्याच्या पिवळ्या बलकाची धार सोडून केलेली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी आल्बुकर्कने आपला दूत अयुथ्थयाच्या दरबारी पाठवला. ही बलकाची मिठाई त्या पोर्तुगीज संबंधातून आली. सतराव्या शतकात नाराय राजाच्या काळात तिथे राहिलेल्या मारिया गियोमार या बाईचं नाव तिच्याशी जोडतात. आपल्याला जिच्याशिवाय जेवण सुचत नाही, ती मिरचीही दोन्हीकडे पोर्तुगीजांच्याच काळात पोचली. उलट चकचकीत रंगवलेली इवलीशी आंबे-मिरच्या-संत्री पाहून संशय येतो, पण ती लूक चुप बहुधा मूगडाळ, नारळाचं दूध आणि साखर यांची असतात, वर आगरचा मुलामा. आणि संकष्टीच्या काकूंसाठी खास सूचना. साबुदाण्याला तिथे साखू म्हणतात. नारळाच्या दुधातला गोड साखू बिनदिक्कत घ्या. पण वाफवलेल्या साबुदाण्याचे पारदर्शक, मोत्यांसारखे गोळे हिरव्या पानावर मांडलेले दिसले, तर हात आवरा. ते साखू सै मू. आत डुकराचा खिमा असतो.

एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे. चिकट भात आणि आंबा हा पदार्थ घ्या. भातावर ओततात त्या नारळाच्या घट्ट दुधाला किंचित खारट चव असते, आणि तो खारटपणा खऱ्या मिठाचा असतो. पेरू-कैरीच्या फोडींबरोबर कागदाच्या पुडीत मिळतं तेही आपल्यासारखं तिखट-मीठ. जेवणात हरवलेलं मीठ तिथे गोडात आणि फळात सापडतं. म्हणजे ते घरात असतंच, फक्त आपणहून पानात येत नाही.

हे मला कळलं ते एका गल्लीत. पहिल्या भेटीत मी सोम तामच्या गाड्यावर ‘नो मीट’ म्हणाले होते. गाड्यावरच्या बाईंनी मान डोलावली, आणि पपईच्या किसात गुलाबी सुकी कोळंबी आली. मी ती वेचून बाजूला ठेवली आणि उरलेलं शाकाहारी समजून आवडीने खाल्लं. नाम प्ला तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

काही वर्षांनी दुसऱ्या एका गल्लीत, दुसऱ्या एका गाड्यापुढे उभी राहिले. पा, किन चे खा. कोळंबी नको, नाम प्ला नको, त्याऐवजी मीठ. बाईंचा मुसळ धरलेला हात थांबला. त्यांनी गाड्यावर नजर फिरवली. साखर होती, लिंबं होती, दाणे होते, मीठ नव्हतं. त्यांनी शेजारच्या पेरूवालीला हाक मारली, दोघींत काहीतरी बोलणं झालं, आणि शेजारणीकडून वाटीभर मीठ यावं तशी तिखट-मिठाची एक पुडी आली. मग बाईंनी उखळ पाण्याने विसळलं, लसूण बाजूला सारला आणि मिरच्या किती, एवढंच विचारलं. पपई पडली, चवळीच्या शेंगा पडल्या, टोमॅटो पडला, पुडी रिकामी झाली. वाढण्याआधी त्यांनी चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलं. चेहरा किंचित वाकडा झाला. नाम प्लाशिवाय काहीतरी कमी पडत होतं, ते मलाही पुढे खाताना कळलं. माझं पथ्य आता त्यांच्या हाताच्या चवीचा प्रश्न झाला होता. त्यांनी अर्धं लिंबू उचललं, पिळलं, आणखी दोन ठोके दिले, पुन्हा चाखलं, आणि मगच बशी पुढे केली.